घरी बांधायच्या विमानाचं पॅनेल: तयार हब घ्यायचा की तारा स्वतः जोडायच्या?

किट-विमान बांधणाऱ्यांमध्ये एक जुना विनोद आहे: ‘नव्वद टक्के काम झालं, आता उरलेलं नव्वद टक्के राहिलंय.’ पंख, शेपूट, फ्युजलाजचे (विमानाच्या धडाचे) रिव्हेट मारून झाले, इंजिनाचे पैसे भरून झाले, की हे दुसरं नव्वद टक्के सुरू होतं आणि त्यातला मोठा वाटा वायरिंगचा असतो. पत्र्याचं काम आधी शेकडो जणांनी तसंच्या तसं केलेलं असतं. किटसोबत आलेल्या आराखड्यात प्रत्येक भोकाची जागा ठरलेली असते. पॅनेलचं, म्हणजे वैमानिकासमोरच्या उपकरणांच्या फळीचं, तसं नाही. कोणता डिस्प्ले, कोणता रेडिओ, बॅटरी एक की दोन, हे सगळं तुम्ही ठरवता, त्यामुळे आराखडाही तुम्हालाच काढावा लागतो. नवखा माणूस इथे येऊन अडतो आणि विचारतो, तयार हब (सगळ्या उपकरणांच्या केबली जिथे एकत्र येतात तो जोडणीचा डबा) आणि तयार केबली विकत घेऊ का, की एकेक पिन क्रिम्प करत, म्हणजे तारेवर दाबून बसवत, राहू?

हा लेख अमेरिकेतल्या ‘एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट’ गटातली विमानं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. त्यातही व्हॅन्स एअरक्राफ्ट या किट बनवणाऱ्या कंपनीची आरव्ही मालिका मुख्यतः, कारण घरी बांधलेल्या विमानांमध्ये त्यांचीच संख्या मोठी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांच्या गराजमध्ये किटचे खोके येऊन पडले आहेत किंवा पडायच्या बेतात आहेत, त्यांना याचा थेट उपयोग होईल. भारतात हा मार्ग अजून खडतर आहे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं होतं, आणि डीजीसीएची नोंदणी मिळायला २०१७ उजाडावं लागलं. वायरिंगचे नियम मात्र देश बदलला म्हणून बदलत नाहीत.

आधी कायद्याचं एक उरकून घेऊ

अमॅच्युअर-बिल्ट म्हणून नोंदणी मिळवायची तर विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा हौसेखातर बांधलेला असावा लागतो. यालाच सगळे ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. पॅनेल बाहेरून करून घेतलं तर हा नियम मोडेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती अनाठायी आहे. इंजिन, प्रोपेलर, चाकं, उपकरणं तुम्ही स्वतः घडवावीत अशी एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची) अपेक्षाच नाही, आणि तयार पॅनेल बसवल्याने तुमचा वाटा घटत नाही. बांधणाऱ्याला नंतर रिपेअरमन सर्टिफिकेट मिळतं आणि दरवर्षीची तपासणी तो स्वतः करू शकतो, तीही पॅनेल कोणी केलं यावर अवलंबून नसते. तेव्हा कायदा बाजूला ठेवून निव्वळ सोय, खर्च आणि सुरक्षितता बघा.

पायरी पहिली: वीज गेली तर इंजिन चालतं का?

रेडिओच्या कॅटलॉगला हात लावण्याआधी या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा. दोन मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतःच बनवणारी यंत्रं) असलेल्या लायकमिंग इंजिनाला विमानाच्या बॅटरीची गरज नसते. मास्टर स्विच बंद केला तरी ते फिरत राहतं, आणि पॅनेल पूर्ण काळं पडलं तरी तुम्ही दिवसाउजेडी जवळच्या धावपट्टीवर उतरू शकता. रोटॅक्स ९१२ आयएस या इंजिनाचं मात्र इंधन इंजेक्शन आणि इग्निशन दोन्ही विजेवर चालतं. लायकमिंगवरही दोन्ही मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणारे बरेच आहेत. अशा इंजिनांत वीज पोचवणारी तार ही इंधनाच्या नळीइतकीच महत्त्वाची.

दुसरा प्रश्न, कुठे आणि कसं उडायचंय? फक्त दिवसा, स्वच्छ हवेत, की रात्री, की ढगांतून आयएफआर, म्हणजे फक्त उपकरणांच्या आधारे? स्वच्छ हवेत दिवसा उडणाऱ्याने पॅनेलवर वारेमाप खर्च करणं ही शुद्ध हौस आहे. हौस असायला हरकत नाही, पण ती हौस आहे हे स्वतःशी कबूल असावं. आयएफआर उडायचं असेल तर जीपीएस नॅव्हिगेटर, दुसरं ॲटिट्यूड साधन (विमान किती कललंय ते दाखवणारं), त्याची वेगळी बॅकअप बॅटरी, असा पसारा वाढत जातो. पसारा वाढला की तयार हबचं पारडं जड होऊ लागतं. साध्या पॅनेलसाठी हब म्हणजे हौसेवर आणखी हौस.

पायरी दुसरी: आराखडा स्वतः काढा, हब घेणार असाल तरीही

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि पुढे पस्तावतात. एक स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक ओळीत एक तार: तिचा नंबर, कुठून निघते, कोणत्या पिनपासून, कुठे जाते, किती गेजची (जाडीची; गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक), कोणत्या फ्यूजवर. शेजारी प्रत्येक उपकरण किती अँपिअर ओढतं ते लिहा. एकटा पिटो हीटच (वेगमापकाच्या नळीवर बर्फ साचू न देणारा हीटर) १० अँपिअरच्या आसपास खातो. एलईडी लँडिंग लाइट त्यामानाने गरीब. बेरीज केलीत की अल्टरनेटर पुरेल का ते कळतं, आणि अल्टरनेटर गेल्यावर बॅटरीवर किती मिनिटं काढता येतील तेही.

गेज ठरवताना ढोबळ हिशेब असा: २२ गेजच्या तारेवर ५ अँपिअरचा फ्यूज, २० गेजवर साडेसात, १८ गेजवर १०. लांब पल्ल्याला, म्हणजे पंखाच्या टोकापर्यंत वगैरे, व्होल्टेज किती पडतंय ते वेगळं तपासा. फ्यूज उपकरणाला वाचवायला असतो असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो तारेला वाचवायला असतो, तार तापून पेटू नये म्हणून. त्यामुळे उपकरण दोनच अँपिअरचं असलं तरी ५ अँपिअरच्या फ्यूजने बिघडत नाही. २२ गेजच्या तारेवर १५ अँपिअरचा फ्यूज लावलात तर मात्र आगीला आमंत्रण.

तार टेफझेल या उष्णतेला टिकणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाचीच घ्या. ‘२२७५९/१६’ हा तिचा लष्करी नंबर, १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. गाडीच्या ॲक्सेसरीच्या दुकानात मिळणारी पीव्हीसी तार जळते तेव्हा विषारी धूर सोडते, आणि कॉकपिटमध्ये खिडकी उघडून बाहेर उभं राहायची सोय नसते.

पायरी तिसरी: बाजारात काय काय मिळतं

‘मॉड्युलर’ या एका नावाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि इथेच गोंधळ होतो.

पहिला प्रकार म्हणजे निव्वळ जोडणी करणारा हब. ॲप्रोच सिस्टिम्सचा ‘फास्ट स्टॅक’ हे याचं जुनं उदाहरण. रेडिओ, ऑडिओ पॅनेल, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारा), प्रत्येकाची एक तयार केबल हबपर्यंत येते आणि कोणाची कोणती तार कोणाला जोडायची हे हबच्या आतल्या सर्किट बोर्डावर ठरलेलं असतं. सोसायटीच्या मीटर-रूममध्ये प्रत्येक फ्लॅटची तार येते, तसंच हे. सगळ्यात जास्त फायदा ऑडिओत. ऑडिओ पॅनेलच्या मागे डझनावारी तारा असतात, त्यातल्या बहुतेक शिल्डेड (धातूच्या जाळीचं कवच असलेल्या), आणि दोन रेडिओ, इंटरकॉम, चार हेडसेट, संगीत, डिस्प्लेचे इशारे अशा सगळ्यांचं तिथे संमेलन भरतं. हाताने केलेल्या पॅनेलमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

दुसरा प्रकार वीजवाटपाचा डबा. व्हर्टिकल पॉवरचा व्हीपी-एक्स हा त्यातला सर्वांच्या तोंडी असलेला. फ्यूज आणि ब्रेकरच्या ओळीऐवजी आत इलेक्ट्रॉनिक ब्रेकर असतात, प्रत्येक सर्किट किती अँपिअर ओढतंय ते डिस्प्लेवर दिसतं, फ्लॅप आणि ट्रिमच्या (पंख-शेपटीवरच्या हलत्या पट्ट्यांच्या) मोटरींचं नियंत्रणही त्यातच येतं. ॲडव्हान्स्ड फ्लाइट सिस्टिम्सचं कंट्रोल मॉड्युल या दोन्हींचा संगम आहे: जोडणीचा हबही तोच आणि इलेक्ट्रॉनिक ब्रेकरही त्यातच.

तिसरा प्रकार डिस्प्लेच्या स्वतःच्या जाळ्याचा. डायनॉनचा स्कायव्ह्यू नऊ पिनांच्या केबलींनी एकमेकांना जोडला जातो आणि त्या केबली तयार मिळतात. गार्मिनचा जी३एक्स टच कॅन बस वापरतो: दोन तारांची एक जोडी एका डब्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. म्हणजे आज ‘हाताने केलेलं’ पॅनेलसुद्धा पोटातून अर्धं मॉड्युलरच असतं.

आणि चौथा, पूर्ण पॅनेल एखाद्या व्यावसायिक शॉपकडून तयार करून घेणं. ते कापलेलं, रंगवलेलं, जोडलेलं, टेबलावर चालवून बघितलेलं येतं, आणि तुम्ही विमानाकडच्या तारा त्याला जोडता. मजुरीच हजारो डॉलरांत जाते.

पायरी चौथी: निवड कशावर करायची

खर्च, वेळ, वजन यांचे तक्ते सगळे करतात. माझ्या मते नवख्याने एकच प्रश्न आधी विचारावा: हे बिघडलं तर बिघाड कोण शोधणार, कुठे, आणि कशाच्या आधारावर?

समजा रविवारी दुपारी तुम्ही घरापासून तीन तासांच्या उड्डाणावर, दुकान नसलेल्या एखाद्या छोट्या विमानतळावर आहात आणि रेडिओतून आवाज जात नाहीये. तारा स्वतः जोडलेल्या असतील आणि त्यांचा आराखडा विमानात असेल, तर मल्टिमीटर घेऊन माइकच्या जॅकपासून रेडिओच्या पिनपर्यंत तुम्ही चालत जाऊ शकता. तासाभरात निकाल लागतो. आराखडाच नसेल, तर स्वतः जोडलेल्या तारासुद्धा दोन वर्षांनी परक्या वाटतात, आणि सगळ्या तारा पांढऱ्या असतात. तिथे हब असलेल्या माणसाची स्थिती तुमच्यापेक्षा बरी: केबल काढ, दुसरी लाव, फरक पडला का बघ. पण दोष हबच्या बोर्डातच असेल तर त्याला तिथे काही करता येत नाही. डबा काढून कंपनीला पाठवायचा आणि वाट बघायची.

वीजवाटपाच्या डब्याबाबत हा मुद्दा जास्त गंभीर होतो. एका डब्यातून सगळं जात असेल तर तो डबा गेल्यावर काय काय जाईल, याची यादी करा. त्या यादीत इंजिन चालू ठेवणारी कोणतीही गोष्ट असता कामा नये. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला, इंधन पंपाला आणि निदान एका डिस्प्लेला डबा वगळून थेट बॅटरीकडून साध्या फ्यूजमार्गे येणारी दुसरी वाट द्या. डबा कितीही चांगला असला तरी ही वाट हवीच.

कंपनी टिकेल का, हाही याच प्रश्नाचा भाग. ब्लू माउंटन एव्हिओनिक्स या कंपनीचे डिस्प्ले एकेकाळी बऱ्याच घरगुती विमानांत होते. कंपनी बंद पडली आणि मालकांना पॅनेल उकरून नवं करावं लागलं. २०२३ च्या डिसेंबरात खुद्द व्हॅन्सने चॅप्टर ११ खाली दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा ठेवी भरून बसलेल्यांची झोप उडाली होती. पुढच्या वर्षी कंपनी त्यातून बाहेर आली, ही वेगळी गोष्ट. डी-सब (डी आकाराचा, पिनांच्या ओळींचा) कनेक्टर आणि टेफझेल तार कोणा एका कंपनीची नसते. हबच्या केबली असतात. म्हणून हब घेताना त्याच्या प्रत्येक कनेक्टरची पिन-यादी लेखी मिळते का, हे विचारा. टाळाटाळ झाली तर दुसरा विक्रेता बघा.

पुढे उपकरण बदलायचं झालं तर? नव्या रेडिओची केबल कंपनीकडे तयार असेल तर हबवाल्याचं काम एका दुपारचं. नसेल तर कंपनी बनवेपर्यंत थांबा. हाताने जोडलेल्या पॅनेलमध्ये काम कधीच एका दुपारचं नसतं, पण कोणाची वाटही बघावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळदा विसरली जाते: विमानाच्या पॅनेलमागे हात पोचतो का? आरव्ही-७ ला दोन तऱ्हेची कॅनपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) मिळते. पुढे उचलली जाणारी टिप-अप असेल तर पॅनेलच्या मागची बाजू वरून बरीच हाताशी येते. मागे सरकणारी स्लायडर असेल तर पॅनेलच्या वरचा पत्रा कायमचा रिव्हेट केलेला असतो आणि बिघाड शोधायला पायाच्या खोबणीत डोकं घालून उताणं झोपावं लागतं, तोंडात टॉर्च, छातीवर मल्टिमीटर. आरव्ही-१० मध्येही मागे शिरायला मोकळी वाट नाही. अशा विमानांत हब, किंवा निदान कनेक्टर सोडवून पुढे ओढून काढता येणारं पॅनेल, यासाठी मी डोळे मिटून पैसे मोजेन. टिप-अपवाल्याला तितकी निकड नाही.

विमान कशाचं आहे, यानेही फरक पडतो. ॲल्युमिनियमच्या विमानात पंखातल्या दिव्याचा परतीचा करंट सांगाड्यातून येऊ शकतो. लाँग-ईझी, व्हेलॉसिटी यांसारख्या फायबरग्लासच्या विमानांत सांगाडा वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक उपकरणाला परतीची तार वेगळी. तारांची संख्या तिथे आपोआप वाढते आणि कोणताही हब ती कमी करू शकत नाही.

पायरी पाचवी: एक कनेक्टर करून बघा, मग ठरवा

हजारो डॉलरांचा निर्णय घेण्याआधी पन्नास डॉलरांचा प्रयोग करा. २५ पिनांचा एक डी-सब कनेक्टर, मूठभर मशीन केलेल्या पिना आणि थोडी २२ गेजची तार मागवा. क्रिम्पिंगचं चांगलं हत्यार महाग असतं. ईएए या घरी विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेत कोणाकडे तरी असतंच, मागून आणा.

‘मशीन केलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा डी-सब कनेक्टर दिसायला सारखाच असतो, पण त्यात बहुधा पत्रा वळवून केलेल्या पिना नाहीतर डाग द्यायचे कप असतात. विमानात शक्यतो दोन्ही नकोत. डाग दिला की सोल्डर तारेच्या केसांमधून, म्हणजे आतल्या बारीक तंतूंमधून, वर चढतो आणि तिथे तार ताठ होते. ताठ भाग संपतो तिथे कंपनाने ती तुटते, आणि आवरणाच्या आत तुटल्यामुळे दिसतही नाही.

आता पिन. तारेचं टोक साधारण चार मिलिमीटर सोला. २२ गेजच्या तारेत १९ केस असतात, त्यातला एकही कापला जाता कामा नये. कापला गेला तर टोक छाटून पुन्हा सोला, ‘एकाने काय होतंय’ म्हणू नका. तार पिनच्या नळीत घाला. नळीच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यातून तांबं दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर तार तळापर्यंत गेलेली नाही. पिन हत्यारात ठेवून दाबा. चांगलं हत्यार चारही बाजूंनी दाबतं आणि पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. मग तार ओढून बघा, हलकेच नव्हे, बऱ्यापैकी जोर लावून. सुटायची तर आत्ता सुटू दे. शेवटी पिन कनेक्टरमध्ये मागून सरकवा. बारीक ‘टक’ जाणवते. जाणवली नाही तर पिन पुढे आलेली नाही, आणि समोरचा कनेक्टर जोडताना ती मागे ढकलली जाईल.

अशा पंचवीसच्या पंचवीस पिना करा. चुकीच्या भोकात गेलेली पिन काढायचं प्लास्टिकचं छोटं हत्यार वापरायला शिका, कारण ते लागतंच. चाळिशी लागलेल्यांनी चष्म्यावर भिंगाचा दिवा घ्यावा. संध्याकाळच्या शेवटी पुढच्याची वाट बघावीशी वाटली, तर तुम्ही हाताने पॅनेल करणारे आहात. मान अवघडली आणि कंटाळा आला, तर हब घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. कंटाळलेल्या हाताने केलेली पिन तयार केबलीपेक्षा कधीच सरस नसते.

पायरी सहावी: माझी शिफारस

पहिलं विमान, लायकमिंग इंजिन, एक किंवा दोन डिस्प्ले, दोन रेडिओ: ऑडिओ आणि रेडिओची बाजू हब किंवा शॉपकडून तयार हार्नेस (कनेक्टर लावलेला तारांचा जुडगा) म्हणून घ्या. बाकी सगळं, म्हणजे दिवे, पिटो हीट, पंप, ट्रिम, स्टॉल वॉर्निंग (पंखाची उचल संपत आल्याचा इशारा), इंजिनाचे सेन्सर, स्वतः जोडा. या तारा जाड, सरळ आणि सोप्या असतात. त्यांवर हात बसतो आणि विमानाची नस कळते. फ्यूजची साधी पट्टी पुरे. इलेक्ट्रॉनिक ब्रेकर आवडला तर घ्या, वर सांगितलेली दुसरी वाट ठेवून.

रोटॅक्स किंवा पूर्ण इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्यांनी इंजिनाचं वायरिंग उत्पादकाने दिलेल्या आकृतीतून तसूभरही हलवू नये. तिथे स्वतःची अक्कल चालवायची जागा नाही. आरव्ही-१२ घेणाऱ्यांसाठी तर हा सगळा प्रश्न मुळात जवळपास सुटलेलाच आहे, किटसोबत तयार हार्नेस येतो.

व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्सवाला असाल तर सगळं हाताने करायचा मोह होईल. करा. पण ऑफिसातल्या टेबलावरचा बोर्ड आणि २५०० आरपीएमवर थरथरणारी फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) यांत फरक आहे, हे डोक्यात ठेवा. माझ्या पाहण्यातली काही सगळ्यात गचाळ पॅनेलं याच मंडळींची होती.

पायरी सातवी: तारा ओढताना

तयार असो की हाताने, हे दोघांनाही लागू. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबर, छापलेल्या हीट-श्रिंकवर (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीवर). ग्राउंड एका ठिकाणी: फायरवॉलवर पितळी टॅबची एक पट्टी लावा आणि पॅनेलमधल्या सगळ्या ग्राउंडच्या तारा तिथेच आणा. जागोजागी ग्राउंड केलं तर हेडसेटमध्ये अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते आणि ती इंजिनाच्या वेगाबरोबर चढते-उतरते. अँटेनाची केबल आरजी-४०० घ्या, आणि काटकोनात मुडपू नका. फायरवॉलमधून जाताना स्टेनलेस स्टीलचा पास-थ्रू आणि अग्निरोधक सीलंट, रबरी ग्रोमेट नको.

कंपास देणारा मॅग्नेटोमीटर लोखंडापासून आणि जास्त करंटच्या तारांपासून दूर बसवा, बहुतेक जण पंखाच्या टोकाला किंवा शेपटीकडे बसवतात. तो पंखात असेल तर त्याच्या आसपासच्या दिव्यांना जाणारी आणि परतीची अशा दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून न्या. मग लँडिंग लाइट लावा आणि डिस्प्लेवरची दिशा बघा. दोन-चार अंश सरकली तर दिशा चुकण्याचं कारण तिथेच आहे.

कनेक्टरच्या मागे तारेची थोडी सैल वळी ठेवा, पुढे कधी तरी तो कापून नवा लावावा लागेल. आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांची कापलेली टोकं नखासारखी धारदार असतात. पॅनेलमागे हात घालणाऱ्या पुढच्या माणसाची, म्हणजे बहुधा तुमचीच, कातडी निघते. मेणाच्या दोऱ्याने गाठी मारायला शिका, एका संध्याकाळी येतं.

पायरी आठवी: वीज देण्याआधी

एकही डबा (रेडिओ, डिस्प्ले असं कोणतंही उपकरण) न जोडता सुरुवात करा. मल्टिमीटर बीपवर ठेवून आराखड्यातली प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा आणि शेजारच्या पिनेशी शॉर्ट नाही ना ते बघा. तयार हार्नेसही तपासा. मग बॅटरी जोडून प्रत्येक कनेक्टरच्या पॉवर पिनवर १२ व्होल्ट आहेत आणि नको तिथे नाहीत, याची खात्री करा. त्यानंतर एक डबा, मग दुसरा. सगळे एकदम लावून स्विच दाबायची घाई करू नका.

कॅन बसवाल्यांसाठी एक खास चाचणी आहे. सगळे डबे जोडा, पण वीज बंद ठेवा, आणि बसच्या हाय आणि लो तारांमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) असतात, ते समांतर, म्हणजे मीटरवर ६० च्या आसपास दिसायला हवं. १२० दिसलं तर एक टर्मिनेटर राहिलाय किंवा मधे कुठे तार तुटलीय. ओळखीतल्या एकाच्या पॅनेलवर ऑटोपायलटचा सर्व्हो (विमानाची नियंत्रणं हलवणारी मोटर) अधूनमधून स्क्रीनवरून गायब व्हायचा. सर्व्हो बदलायची ऑर्डर द्यायच्या बेतात होता. मीटर लावला तर ४० ओम. बसच्या मधल्या एका डब्यावर तिसरा टर्मिनेटर लागलेला होता. तो काढला आणि सर्व्हो जागेवर आला.

मग रेडिओवरून बोला. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर माइक दाबा आणि दुसऱ्याला डिस्प्लेवर नजर ठेवायला सांगा. तेलाचं तापमान उडी मारत असेल, ट्रिम स्वतःहून सरकत असेल, तर अँटेनाची केबल किंवा शिल्डिंग तपासा. हे जमिनीवर कळलेलं बरं.

उड्डाणाआधी आणि नंतर

ट्रान्सपाँडरची तपासणी दर २४ महिन्यांनी करावी लागते. आयएफआर उडणार असाल तर अल्टिमीटर (उंचीमापक) आणि त्याला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या स्टॅटिक सिस्टिमचीही. दोन्ही अधिकृत रिपेअर स्टेशनकडून करून घ्यायची. त्यांची वेळ आधीच घेऊन ठेवा. पहिल्या टप्प्याचं उड्डाण-परीक्षण, परंपरेने २५ किंवा ४० तासांचं, पॅनेलसाठीही परीक्षणच आहे. प्रत्येक उड्डाणानंतर वही काढून काय खटकलं ते लिहा.

आराखड्याची छापील प्रत विमानात ठेवा, हब असेल तर त्याची पिन-यादी आणि वीजवाटपाच्या डब्याच्या सेटिंगची प्रतही. डिस्प्लेच्या सेटिंगची फाइल मेमरी कार्डावर वेगळी ठेवा. सॉफ्टवेअर अपडेटमध्ये इंजिनाच्या सेन्सरच्या सेटिंग पुसल्या गेल्या तर शनिवार-रविवार वाचतो.

१ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतल्या बऱ्याच हवाई हद्दीत एडीएस-बी आउट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा) बंधनकारक आहे आणि घरी बांधलेल्या विमानाला त्यातून सूट नाही. ते बसवल्यावर अशा हद्दीत साधारण अर्धा तास उडा आणि उतरल्यावर एफएएच्या संकेतस्थळावरून त्या उड्डाणाचा कामगिरी-अहवाल मागवा. तो फुकट असतो आणि ईमेलने येतो. अहवालात लाल खूण दिसली तर आधी जीपीएसच्या अँटेनाची केबल आणि ट्रान्सपाँडरमध्ये भरलेला विमानाचा आयसीएओ कोड (त्या विमानाचा खास ओळखक्रमांक) बघा. कोडमध्ये एखादं अक्षर चुकलेलं असणं हे कारण वाटतं त्याहून पुष्कळदा निघतं.